अर्थ कुठे गेला होता? बोधनिक मानसशास्त्राच्या इतिहासातील एक धागा

काही वर्षांपूर्वी पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना मी एका उत्तरापाशी थबकलो. प्रश्न अभ्यासक्रमातील एका कथेवर होता. कथेचा नायक शेवटी गाव सोडून निघून जातो. का जातो, हे लेखकाने कुठेही सांगितलेले नाही आणि त्या न सांगण्यातच कथेचे मर्म आहे, असे आम्ही वर्गात शिकवतो. विद्यार्थिनीने मात्र ठामपणे लिहिले होते की, भावाने जमिनीतला हिस्सा नाकारल्यामुळे तो गाव सोडतो. त्या भांडणाचे चार ओळींत वर्णनही केले होते. कथेत भाऊ आहे, जमीनही आहे, भांडण नाही. मी लाल रेघ ओढली, ‘मूळ कथा वाचावी’ असा शेरा लिहिला आणि गुण कापले.

ते उत्तर चुकीचे होते याविषयी आजही शंका नाही. पण तो शेरा मात्र चुकीचा होता, असे आता वाटते. तिने कथा वाचली होती. किंबहुना वाचली होती म्हणूनच ती चूक घडली होती. हे मला उमगले ते साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतून नव्हे, तर मानसशास्त्राच्या इतिहासातून. त्या इतिहासाचा एक धागा साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी. जाणणे, लक्ष देणे, ओळखणे, आठवणे, भाषा समजणे, विचार करणे, निर्णय घेणे या सर्व मानसिक प्रक्रियांना मिळून मराठीत ‘बोधन’ असा शब्द रूढ झाला आहे. या प्रक्रियांचा पद्धतशीर, प्रामुख्याने प्रायोगिक अभ्यास करणारी शाखा म्हणजे बोधनिक मानसशास्त्र. ‘संज्ञानात्मक’ किंवा ‘बोधात्मक’ असेही तिला म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तिचा इतिहास बहुधा विजयकथेसारखा सांगितला जातो. आधी वर्तनवादाचे अंधारयुग होते, मग १९५०च्या दशकात क्रांती झाली आणि मन पुन्हा सिंहासनावर बसले, अशी ही कथा. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु साहित्याच्या अंगाने पाहिले तर या इतिहासात एक वेगळेच पात्र दिसते, ते म्हणजे ‘अर्थ’. मनाचा अभ्यास शास्त्रीय व्हावा म्हणून अर्थाला पुन्हापुन्हा बाहेर काढले गेले आणि दरवेळी तो भाषेच्या वाटेने आत आला.

बायरनच्या कडव्यांची अडचण

विल्हेल्म वुंट याने १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, तेथून आधुनिक मानसशास्त्राचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. वुंटची स्वतःची भूमिका मात्र सावध होती. वेदन, प्रतिक्रियाकाल अशा प्राथमिक गोष्टींवर प्रयोग करता येतील, पण भाषा, पुराणकथा, रूढी यांसारख्या उच्च मानसिक व्यापारांचा अभ्यास प्रयोगशाळेत होणार नाही, असे त्याचे मत होते. त्यांच्यासाठी त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात लोकमानसशास्त्रावरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला.

ही मर्यादा ओलांडली हेर्मान एबिंगहाऊस याने. स्मृती मोजता येते हे सिद्ध करायचे, तर लक्षात ठेवायची सामग्री सर्वत्र सारख्या वजनाची हवी. भाषेतले शब्द तसे नसतात. एखादा शब्द कुणाला बालपणाची आठवण करून देतो, एखादा दुसऱ्या शब्दाला सहज चिकटतो. तेव्हा एबिंगहाऊसने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा रचनेची सुमारे २३०० निरर्थक अक्षरे तयार केली. त्यांच्या याद्या तो एका ठरावीक गतीने वाचून पाठ करी आणि ठरावीक काळानंतर त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजी. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्तही तोच. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील विस्मरणाचा आलेख आजही शिकवला जातो. पाठ केल्यानंतर वीस मिनिटांनी श्रमांची बचत ५८ टक्के, तासाभराने ४४ टक्के, एक दिवसाने सुमारे ३४ टक्के, तर ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरणे प्रारंभी वेगाने घडते आणि नंतर मंदावते. २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला, तेव्हाही आलेखाचा आकार जवळजवळ तसाच निघाला.

एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले हे काम थोर आहे यात वाद नाही. पण त्याच ग्रंथात एक लहानशी नोंद आहे आणि साहित्याच्या वाचकाने तिच्यापाशी थांबायला हवे. एबिंगहाऊसने तुलनेसाठी बायरनच्या ‘डॉन ह्वान’ या काव्यातील कडवीही पाठ करून पाहिली. एका कडव्यात सुमारे ८० अक्षरे. ते पाठ व्हायला नऊच्या आत आवर्तने पुरली. तेवढीच निरर्थक अक्षरे पाठ करायला त्याच्या हिशेबाने ७० ते ८० आवर्तने लागली असती. म्हणजे अर्थ, लय, यमक आणि भाषेची ओळख यांच्या बळावर श्रम एक दशांशावर आले होते.

या फरकाकडे दोन प्रकारे पाहता येते. अर्थ हा मोजमापात व्यत्यय आणणारा घटक आहे, सबब तो वगळावा. अथवा अर्थ हीच स्मृतीची मुख्य शक्ती आहे, सबब तिचाच अभ्यास करावा. पुढची पन्नास वर्षे स्मृतिसंशोधनाचा मोठा भाग पहिल्या वाटेने गेला.

विंचू नसलेले टेबल

विल्यम जेम्सने १८९० मध्ये जाणिवेला प्रवाहाची उपमा दिली होती. तिचे ऋण कादंबरीच्या समीक्षेला ठाऊकच आहे. १९१८ मध्ये मे सिंक्लेअरने डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना ही संज्ञा वापरली आणि ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द समीक्षेत स्थिरावला. मौजेची गोष्ट अशी की, कादंबरीने जाणीव हाती घेतली त्याच सुमारास अमेरिकन मानसशास्त्राने ती टाकून द्यायला सुरुवात केली होती. १९१३ मध्ये जॉन वॉटसनने वर्तनवादाचा जाहीरनामाच प्रसिद्ध केला. अंतर्निरीक्षणातून मिळणारी साक्ष तपासता येत नाही. म्हणून मानसशास्त्राने मन, जाणीव, प्रतिमा हे शब्द सोडून केवळ निरीक्षणक्षम वर्तनाचा अभ्यास करावा, असे त्याने म्हटले. उद्दीपक आणि प्रतिसाद एवढीच शास्त्राची भाषा उरली.

वर्तनवाद्यांना आपण अरसिक यंत्रवादी समजतो. पण या संप्रदायाचा सर्वांत प्रभावी प्रवक्ता बी. एफ. स्किनर हा मुळात इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता. त्याला लेखक व्हायचे होते, रॉबर्ट फ्रॉस्टने त्याच्या कथा वाचून उत्तेजनही दिले होते. वर्षभर लिहून पाहिल्यावर आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही अशा निष्कर्षाला येऊन तो मानसशास्त्राकडे वळला. साहित्य मात्र सुटले नाही. १९३९ मध्ये त्याने शेक्सपिअरच्या सुनीतांतील अनुप्रासांची मोजदाद केली आणि त्यांचे प्रमाण योगायोगाने जेवढे पडेल त्याहून फारसे अधिक नाही, असे दाखवले. कवीची निवड नावाची गोष्ट गणिताने तपासण्याचा हा प्रयत्न आजच्या संगणकीय समीक्षेच्या अभ्यासकांनाही रोचक वाटावा.

१९३४ मधला एक प्रसंग स्किनरने स्वतःच नोंदवला आहे. हार्वर्डमधील एका भोजनाच्या वेळी तो तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांना वर्तनवाद उत्साहाने समजावून देत होता. व्हाइटहेड यांनी बरेच मान्य केले, पण भाषेपाशी ते अडले. या टेबलावर एकही काळा विंचू पडत नाही, असे मी आत्ता म्हणालो तर माझ्या या वर्तनाची उपपत्ती कशी लावाल, असे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्किनरने भाषिक वर्तनावरच्या ग्रंथाचा आराखडा करायला घेतला. ग्रंथ प्रसिद्ध व्हायला १९५७ साल उजाडले.

तो प्रश्न खोडसाळ नव्हता. टेबलावर विंचू नाही, म्हणजे उद्दीपकच नाही. तरीही वाक्य उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्याला कळते. जे समोर नाही त्याविषयी बोलता येणे ही भाषेची मूळ शक्ती आहे, आणि ललित साहित्याचा सगळा संसार तिच्यावरच उभा आहे. वर्तनवादाची खरी परीक्षा येथे होती.

केंब्रिजमधील भुतांची लढाई

अमेरिकेत वर्तनवाद ऐन भरात असताना इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे फ्रेडरिक बार्टलेट वेगळ्याच वाटेने चालला होता. निरर्थक अक्षरे वापरल्याने स्मृती शुद्ध रूपात हाती लागत नाही, उलट एक कृत्रिम अवस्था निर्माण होते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने लोकांना चित्रे दाखवली, गोष्टी वाचायला दिल्या. १९३२ मध्ये आलेल्या त्याच्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग एका लोककथेवर आधारलेला आहे. ही कथा उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील चिनूक लोकांची असून ती मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी संकलित व अनुवादित केली होती.

कथा थोडक्यात अशी. दोन तरुण सीलची शिकार करायला नदीवर जातात. धुके पसरते, रणघोष ऐकू येतात. होडीतून आलेले काही जण त्यांना लढाईला बोलावतात. एक तरुण घरी परततो, दुसरा त्यांच्याबरोबर जातो. लढाईत त्याला जखम झाली असे सोबतचे म्हणतात, पण त्याला काही जाणवत नाही. ही माणसे भुते आहेत असे त्याच्या मनात येते. घरी येऊन तो सगळी हकिकत सांगतो. सूर्य उगवताच तो कोसळतो, त्याच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर पडते आणि तो मरतो.

बार्टलेटच्या वाचकांनी ही कथा दोनदा वाचली, सुमारे पंधरा मिनिटांनी आठवून लिहिली आणि पुढे दिवस, आठवडे, महिने यांच्या अंतराने पुन्हापुन्हा लिहिली. लिहिताना कथा आखडली, हे अपेक्षितच होते. पण ती बदललीही. सीलच्या शिकारीच्या जागी मासेमारी आली. भुतांचा उल्लेख अनेकांनी गाळला किंवा त्यांना एखाद्या टोळीचे नाव करून टाकले. तोंडातून पडणाऱ्या काळ्या वस्तूचा कुणी फेस केला, तर कुणी तिचा अर्थ प्राण जाणे असा लावला. घटनांमध्ये मुळात नसलेले ‘म्हणून’ आणि ‘कारण’ अवतरले. हे लेखन करणारे लोक बेफिकीर नव्हते; आपण कथा जशीच्या तशी सांगत आहोत असेच त्यांना वाटत होते.

यावरून बार्टलेटने मांडले ते असे: आठवणे म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू बाहेर काढणे नव्हे, ती दरवेळी नव्याने केलेली रचना आहे. या रचनेला आधार देणाऱ्या पूर्वज्ञानाच्या साच्याला त्याने ‘स्कीमा’ म्हटले. हा शब्द त्याने मज्जाविज्ञानाचे संशोधक हेन्री हेड यांच्याकडून घेतला, जरी तो त्याला स्वतःला फारसा पसंत नव्हता. माणूस समोरच्या सामग्रीत अर्थ शोधण्याची धडपड करतोच, आणि अर्थ सापडत नसेल तेथे तो आपल्या साच्यातून पुरवतो.

दोन गोष्टी येथे लक्षात ठेवायला हव्यात. एक, ही कथा विचित्र होती ती केंब्रिजच्या वाचकांना. जिच्या संस्कृतीत ती जन्मली तेथे तिच्यातील ‘तुटक’ जागा तुटक नसाव्यात. अनुवाद करताना परक्या संस्कृतीचे काटेकोपरे कसे गुळगुळीत होतात, याचा हा प्रयोगच म्हणता येईल. दुसरी, बार्टलेटच्या नोंदी आजच्या मापाने सैल होत्या, त्यांत कडक आकडेमोड नव्हती, म्हणून त्यांविषयी शंका घेतल्या गेल्या. पुढे १९९९ मध्ये बर्गमन व रोडिगर यांनी तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा बार्टलेटचे मुख्य निष्कर्ष टिकले.

यंत्राच्या रूपकातून मनाकडे

बार्टलेटच्या ग्रंथाकडे त्या काळी, विशेषतः अमेरिकेत, पुरेसे लक्ष गेले नाही. वर्तनवादाला धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धातून आणि त्यानंतरच्या दळणवळणशास्त्रातून. रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणारा माणूस कधी चुकतो? कानात एकाच वेळी अनेक संदेश येत असताना वैमानिक कोणता ऐकतो? या प्रश्नांना उद्दीपक-प्रतिसादाची भाषा अपुरी पडू लागली. १९४८ मध्ये क्लॉड शॅननने माहितीचे गणित मांडले. संगणक आले. चिन्हे साठवणारे, त्यांवर क्रिया करणारे यंत्र समोर उभे असताना, माणसाच्या डोक्यात काय चालते हे विचारणे अशास्त्रीय आहे असे म्हणणे कठीण झाले. मनाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती एका यंत्राच्या रूपकामुळे, हा या इतिहासातील विरोधाभास आहे.

१९५३ मध्ये कॉलिन चेरीने दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवून एकाचाच पाठोपाठ उच्चार करायला लावण्याचे प्रयोग केले. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा की स्त्रीचा हे लोकांना सांगता येई, पण तेथे काय बोलले गेले हे सांगता येत नसे. यावरून डोनल्ड ब्रॉडबेंटने १९५८ मध्ये अवधानाचा ‘गाळणी’ सिद्धान्त मांडला. त्याच्या मते आवाजाची दिशा, पट्टी अशा भौतिक गुणांवरून एक संदेश निवडला जातो, बाकीचे अर्थापर्यंत पोचण्याआधीच अडवले जातात. पण लवकरच असे दिसले की, दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले तर काही जणांना ते ऐकू येते. अ‍ॅन ट्रीझमनने १९६० मध्ये आणखी नेमका पुरावा दिला. एका कानातल्या वाक्याचा उरलेला भाग मध्येच दुसऱ्या कानात सोडला, तर काही वेळा ऐकणारा नकळत अर्थाच्या मागे दुसऱ्या कानाकडे जातो. गाळणी अर्थालाही ओळखत होती.

जॉर्ज मिलरचा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा १९५६ मधला निबंध असाच आहे. तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सात घटक मावतात, एवढेच त्यातले सर्वतोमुखी झाले. (पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे प्रतिपादले.) पण निबंधातला अधिक मोलाचा मुद्दा ‘घटक’ म्हणजे काय, हा आहे. ज, व, क, ह, ल, प, ग, न, स, र, म, ज ही बारा अक्षरे एकदा ऐकून परत म्हणणे अवघड. तीच अक्षरे कमल, गरज, पवन, सहज अशी लावली की काम सोपे होते, कारण आता घटक बारा नाहीत, चार आहेत. मात्र ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी ते बाराच राहतात. म्हणजे स्मृतीची क्षमता नुसत्या डोक्यात नसून भाषा जाणण्यातही आहे.

११ सप्टेंबर १९५६ रोजी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील परिसंवादात मिलर, नोम चॉम्स्की, तसेच अ‍ॅलन न्यूवेल व हर्बर्ट सायमन यांनी आपापले काम मांडले. बोधनविज्ञानाचा जन्मदिवस म्हणून मिलरने पुढे हीच तारीख सांगितली. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, चॉम्स्कीने स्किनरच्या ग्रंथाचे दीर्घ परीक्षण लिहिले. शास्त्राच्या इतिहासात एखाद्या ग्रंथपरीक्षणाने एवढे काम केल्याची उदाहरणे थोडी. चॉम्स्कीचा युक्तिवाद शब्दांच्या वापरावर रोखलेला होता. चित्र पाहून कुणी त्याच्या शैलीचे नाव घेईल, कुणी ते वाकडे लावले आहे म्हणेल, कुणाला गेल्या वर्षीची सहल आठवेल. प्रत्येक प्रतिसादासाठी आपण चित्रातला वेगळा गुण ‘उद्दीपक’ म्हणून नंतर शोधणार असू, तर उद्दीपक बाहेरच्या जगात राहिलाच नाही. ‘उद्दीपक’, ‘प्रतिसाद’, ‘प्रबलन’ हे शब्द प्रयोगशाळेत काटेकोर असतात. माणसाच्या बोलण्याला लावताच ती केवळ रूपके उरतात. शिवाय पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये मूल बोलते आणि समजते, याची उपपत्ती सवयीच्या साखळीतून लागत नाही. व्हाइटहेड यांचा विंचू असा पंचवीस वर्षांनी टेबलावर परत आला. चॉम्स्कीने स्किनरवर अन्याय केला असे मानणारेही आहेत, परंतु परीक्षणाचा परिणाम नाकारता येत नाही.

१९६७ मध्ये उलरिक नायसरने ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ हा ग्रंथ लिहून या विखुरलेल्या संशोधनाला एक नाव दिले. इंद्रियांकडून आलेली सामग्री कशी रूपांतरित होते, आखडली वा विस्तारली जाते, साठवली जाते, परत मिळवली आणि वापरली जाते, हे त्याने या शाखेचे क्षेत्र ठरवले. आठवणे म्हणजे मिळालेल्या हाडांच्या तुकड्यांवरून पुराजीवशास्त्रज्ञाने प्राचीन प्राणी उभा करण्यासारखे आहे, अशी उपमा त्याने योजली. ती वाचताना बार्टलेट आठवल्यावाचून राहत नाही.

शीर्षक, दृष्टिकोन आणि क्रियापद

१९७०च्या दशकातील तीन प्रयोग साहित्याच्या वर्गात चर्चेला घ्यावेत इतके बोलके आहेत.

पहिला ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांचा, १९७२ मधला. त्यांनी कपडे धुण्याविषयीचा एक उतारा ऐकवला, पण त्यात कपड्यांचा उल्लेखच नव्हता. वस्तूंचे वेगवेगळे ढीग करावेत, एका वेळी फार घेऊ नयेत, अशा धाटणीची वाक्ये होती. शब्द सोपे, व्याकरण निर्दोष, तरी अर्थबोध नाही. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना इतरांच्या सुमारे दुप्पट मजकूर आठवला. ज्यांना तो ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना काहीच फायदा झाला नाही. शीर्षक हा संहितेच्या डोक्यावरचा अलंकार नसून वाचनाची पूर्वअट असू शकतो, हे याहून नेमकेपणे सांगता येणार नाही.

दुसरा पिचर्ट आणि अँडरसन यांचा. शाळा चुकवून एका घरात गेलेल्या दोन मुलांची गोष्ट वाचकांना दिली; काहींना ती चोराच्या नजरेने वाचायला सांगितली, काहींना घर विकत घेणाऱ्याच्या. ज्याला त्याला आपापल्या नजरेला महत्त्वाचे तेवढे अधिक आठवले: चोराला मौल्यवान नाण्यांचा संग्रह, गिऱ्हाइकाला गळके छत. पुढचा भाग १९७८ मधला आहे. एकदा आठवून लिहिल्यानंतर काही वाचकांना नजर बदलायला सांगितली; कथा पुन्हा वाचायला दिली नाही. तरीही त्यांना आधी न आठवलेले तपशील आठवले. वाचलेले होते, पण ज्या प्रश्नाने ते वर आले असते तो प्रश्नच विचारला गेला नव्हता. स्त्रीवादी किंवा दलित दृष्टिकोनातून पुनर्वाचन करताना, ‘हे तर आपण आधीही वाचले होते, मग दिसले कसे नाही?’ असा जो अनुभव येतो, त्याच्याशी याचे नाते लावण्याचा मोह होतो. प्रयोग स्मृतीपुरता होता हे भान ठेवून तो मोह बाळगायला हरकत नाही.

तिसरा प्रयोग एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा, १९७४ मधला. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचे चित्रण दाखवले. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना, ‘चक्काचूर होऊन भिडल्या’ अशा धर्तीचे तीव्र क्रियापद वापरून तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या गटाला वेगाविषयी विचारलेच नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच दिसली होती का? चित्रणात काच फुटलेली नव्हती. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी होकार दिला, तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. एका क्रियापदाने आठवणीत काच फोडली. साक्षीपुराव्याच्या विचारावर या संशोधनाचा मोठा परिणाम झाला. शब्दनिवड म्हणजे केवळ शैली, असे मानणाऱ्या कुणालाही हा आकडा अस्वस्थ करील.

ब्रूनरची तक्रार

येथे विजयकथा संपायला हवी होती. पण या क्रांतीच्या एका अध्वर्यूनेच पुढे तिच्यावर बोट ठेवले. जेरोम ब्रूनर हा १९५६ मधील ‘अ स्टडी ऑफ थिंकिंग’ या ग्रंथाचा सहलेखक, आणि १९६० मध्ये हार्वर्डमध्ये मिलरबरोबर बोधन अध्ययन केंद्र स्थापन करणारा. १९९० मधल्या ‘अ‍ॅक्ट्स ऑफ मीनिंग’ या पुस्तकात त्याने म्हटले की, आम्हाला मानसशास्त्राच्या केंद्रस्थानी अर्थ आणायचा होता. प्रत्यक्षात तेथे माहिती येऊन बसली. अर्थनिर्मितीऐवजी माहितीवरील प्रक्रिया हाच अभ्यासविषय झाला. माहितीच्या गणिताला संदेश प्रेमपत्र आहे की किराणा मालाची यादी, याने फरक पडत नाही. माणसाला मात्र पडतो. म्हणून ब्रूनर कथनाकडे वळला. तर्काने पटवणारा विचार आणि कथेने पटवणारा विचार या जाणण्याच्या दोन स्वतंत्र रीती आहेत, आणि कथन हे स्वतःला व जगाला समजून घेण्याचे मूलभूत साधन आहे, असे त्याने मांडले. नायसरनेही १९७६ मध्येच, प्रयोगशाळेतले बोधन जगण्यापासून तुटत चालल्याची टीका केली होती.

आज मेंदूची प्रतिमाचित्रे आहेत, आणि मजकूर निर्माण करणारी यंत्रेही आहेत. त्यामुळे ब्रूनरची तक्रार जुनी झालेली नाही. एखाद्या यंत्राने कथेचा सारांश अचूक लिहिला, तर त्याला कथा ‘समजली’ असे म्हणायचे का, हा प्रश्न माहिती आणि अर्थ यांच्यातील त्याच फटीत उभा आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथून काय घ्यावे? लेकॉफ व जॉन्सन यांनी १९८० मध्ये रूपक हे विचाराचेच अंग आहे असे मांडल्यापासून बोधनिक काव्यशास्त्र नावाची शाखा वाढली आहे. पण उसन्या शास्त्राची झूल पांघरण्याचा धोकाही आहे. २०१३ मध्ये किड व कास्टानो यांनी साहित्यिक कथा वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांनी तो उचलला, आपणही सुखावलो. २०१६ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून केलेल्या मोठ्या पडताळणीत तो परिणाम दिसला नाही. साहित्याची थोरवी सिद्ध करायला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागू नये, हा यातला धडा. वाचताना काय घडते हे अधिक बारकाईने पाहायला शिकावे, इतकेच मागणे रास्त आहे.

त्या उत्तरपत्रिकेकडे परत येतो. ‘का गेला’ हे कथेने सांगितले नव्हते. भाऊ होता, जमीन होती. तिच्या परिसरात अशा गोष्टींचा शेवट कशात होतो ते तिला ठाऊक असणार. केंब्रिजच्या वाचकांनी काळ्या वस्तूचा फेस केला, तसे तिने मौनाचे भांडण केले. पाठांतर करणाऱ्याकडून ही चूक झाली नसती. मार्गदर्शकातला सारांश जसाच्या तसा उतरवणाऱ्या अनेकांना त्या वर्षी मी तिच्याहून जास्त गुण दिले होते. एबिंगहाऊसच्या याद्या त्यांनी निष्ठेने म्हणून दाखवल्या होत्या.

आता त्या जागी मी लाल रेघ ओढतो, पण शेरा वेगळा लिहितो: ‘हे कथेत कुठे आहे? नसेल, तर तुला ते का सुचले?’ समीक्षेचा अभ्यास, माझ्या समजुतीप्रमाणे, या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. त्या विद्यार्थिनीला तो विचारायचा राहून गेला.